कादंबरीची पहिली ओळ शेअर करताय? आधी पुस्तक उघडा

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या वाचणाऱ्या मंडळींत दर महिन्याला एका रविवारी कोणाच्या तरी घरच्या सोप्यावर बैठक असते, बारा-पंधरा जण, चहा, मिरची भजी, आणि प्रत्येकाने एका कादंबरीची पहिली ओळ वाचून दाखवायची. बाकीचे दिवस हेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतं. ऐकायला सोपं वाटतं, पण दर वेळी कोणीतरी ब्लर्बचं, म्हणजे मलपृष्ठावरच्या मजकुरातलं, वाक्य आणतं, कोणी आठवणीतून अर्धं सांगतं, कोणी लेखकाचं नाव आधी सांगून सगळी मजा घालवतं. मी स्वतः ह्यातली प्रत्येक चूक केलेली आहे. तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच क्रमाने लिहून ठेवते. क्रम महत्त्वाचा आहे बरं का, मधली पायरी गाळलीत की पुढची हमखास फसते.

तयारी (आदल्या दिवशी, त्याच दिवशी नाही)

लागतं काय तर पुस्तक, एक वही, पेन्सिल आणि वीस मिनिटं. पुस्तक म्हणजे खरं पुस्तक किंवा विकत घेतलेलं ई-बुक. कोणाची पोस्ट, कोणाचं स्टेटस, फुलांच्या फोटोवर छापलेलं वाक्य, ह्यातलं काहीच पुस्तकात मोडत नाही.

घरी नसेल तर ग्रंथालयातून आणायला एक-दोन दिवस हाताशी ठेवा. पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बरंच मिळतं, पण शनिवारी संध्याकाळी आठवण येऊन रविवारी सकाळी कुठे धावणार.

आणि एकच ओळ आणू नका, तीन काढून ठेवा. तुमच्या आधी कोणी तीच कादंबरी वाचली तर हात हलवत बसावं लागतं.

पावसाळ्यातली वेगळी सूचना: जुनं पुस्तक जून-जुलैत कपाटातून काढलं की बुरशी आणि कसर दोन्ही निघतात, पहिली पानं सगळ्यात आधी जातात, आणि आपल्याला नेमकं पहिलं पानच हवं असतं. आदल्या दिवशी उघडून बघा. माझ्याकडच्या एका कादंबरीच्या पहिल्या पानाचा वरचा कोपरा कसरीने असा कातरलाय की पहिल्या वाक्यातलं क्रियापदच गेलंय. बैठकीत उभं राहून कळलं.

टप्पा १ : आठवणीवर विश्वास ठेवू नका

वाटतं की ही ओळ आपल्याला पाठ आहे. नसते. आपल्याला तिचा अर्थ पाठ असतो, शब्द नाही.

उदाहरण घ्या ‘कोसला’चं (१९६३). त्यातला निवेदक पांडुरंग सांगवीकर पहिल्याच ओळींत आपलं वय सांगतो, पंचवीस, आणि त्यात मध्येच ‘उदाहरणार्थ’ म्हणतो. आठवणीतून सांगणारे नाव बरोबर सांगतात, वय बरोबर सांगतात आणि ‘उदाहरणार्थ’ गाळतात, कारण वाक्याला त्याची गरजच नाही. अहो पण त्या एका बिनगरजेच्या शब्दात अख्खा पांडुरंग आहे! तो काढला की उरतो तो रेशनकार्डावरचा मजकूर.

माझी फजिती सांगते. दोनेक वर्षांपूर्वी मी ग्रुपवर एक फार सुंदर वाक्य टाकलं, कादंबरीचं नाव, लेखकाचं नाव, सगळं. भरपूर बदाम आले. पुढच्या बैठकीला आमच्यातले एक निवृत्त मास्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती कादंबरी घेऊनच आले, माझ्यासमोर पहिलं पान उघडलं आणि शांतपणे म्हणाले, “बाय गो, ही ओळ ह्या पुस्तकांत खंयच ना.” (म्हणजे, ह्या पुस्तकात कुठेच नाही. आम्ही बोलतो कोंकणीत आणि वाचतो मराठीत, ते असंच.) मी ते वाक्य एका फॉरवर्डमधून उचललं होतं. त्या दिवशीची भजी घशाखाली उतरली नाहीत.

तपासा: ओळ टाकताना पुस्तक तुमच्यासमोर उघडं आहे का? नसेल तर थांबा.

टप्पा २ : पहिली ओळ नक्की कुठली?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे. मराठी पुस्तक उघडलं की आधी नावाचं पान, मग हक्क आणि आवृत्तीचं पान, मग अर्पणपत्रिका, मग मनोगत नाहीतर प्रस्तावना, कधी ऋणनिर्देश, कधी कवितेच्या दोन ओळी, आणि मग कुठे कादंबरी. ह्यातून वाट अशी काढायची.

मलपृष्ठावरचा आणि आतल्या घडीवरचा मजकूर बाद. तो बऱ्याचदा प्रकाशकाकडे कोणीतरी लिहिलेला असतो. एका काकींनी एकदा एवढं भारदस्त वाक्य वाचलं की आम्ही सगळे गप्प, नंतर कळलं की ते मलपृष्ठावरचं होतं.

प्रस्तावना दुसऱ्या कोणाची असेल तर बाद. लेखकाचं मनोगतही बाद, कारण तिथे लेखक बोलतोय, कादंबरी नाही.

सुरुवातीला दिलेलं दुसऱ्याचं अवतरण ही पहिली ओळ नाही. ‘ॲना कॅरेनिना’च्या सुरुवातीला बायबलमधलं सूडाबद्दलचं वाक्य आहे, टॉलस्टॉयचं स्वतःचं म्हणजे सुखी आणि दुःखी कुटुंबांवरचं वाक्य त्यानंतर येतं. अवतरण फार आवडलं असेल तर वेगळं सांगा, पण पहिली ओळ म्हणून नको.

आता अवघड केस. प्रकरण पहिलं म्हणजेच सुरुवात, असं नसतं. ‘फ्रँकनस्टाइन’ (१८१८) पत्रांनी सुरू होतं, रशियातून एक दर्यावर्दी बहिणीला लिहितो ती पत्रं, आणि प्रकरण पहिलं त्यांच्यानंतर. तिथे पहिली ओळ म्हणजे पहिल्या पत्राची पहिली ओळ, कारण पत्रं गोष्टीचाच भाग आहेत. आणि ‘मॉबी डिक’ (१८५१) घ्या, जगभर लोक तिची तीन शब्दांची सुरुवात सांगतात, मला इश्माएल म्हणा अशी, पण पुस्तकात त्याच्या आधी देवमासा ह्या शब्दाची व्युत्पत्ती आणि मग देवमाशांवरच्या उताऱ्यांची पानंच्या पानं आहेत आणि तीही लेखकानेच रचून लावलेली. मग पहिली ओळ कुठली? ह्यावर आमच्याकडे दोन कप चहा होईपर्यंत भांडण झालं. शेवटी ठरलं ते असं की प्रसिद्ध ओळ वाचा, पण “ही पहिल्या प्रकरणाची ओळ, त्याआधी बरंच आहे” एवढं सांगून टाका. तेवढं सांगितलं की कोणी खोटं पाडू शकत नाही.

अजून एक, खास आपल्याकडचं. कादंबरी आधी दिवाळी अंकात आणि नंतर पुस्तक, असा प्रवास पुष्कळ वेळा असतो आणि मध्ये लेखक सुरुवात बदलतो. तुमच्याकडे अंक असेल तर अंक म्हणून सांगा.

तपासा: ही ओळ गोष्टीतलं कोणीतरी बोलतंय की गोष्टीबाहेरचं? बाहेरचं असेल तर पान उलटा.

टप्पा ३ : कुठे थांबायचं

ओळ म्हणजे छापलेली ओळ नाही, वाक्य. पूर्णविराम येईपर्यंत. हे सांगावं लागतं कारण आमच्यातल्या एकाने खरंच पानाच्या कडेपर्यंत वाचून थांबवलं होतं, अर्ध्या शब्दावर, जोडरेघेसकट!

पण दोन अडचणी येतात. एक म्हणजे वाक्य फारच लांब असतं. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ची (१८५९) सुरुवात लोक सांगतात ती काळ सगळ्यात चांगला होता, सगळ्यात वाईट होता, एवढीच, आणि त्यांना वाटतं तिथे पूर्णविराम आहे. तिथे स्वल्पविराम आहे. ते वाक्य शंभराहून जास्त शब्दांचं आहे आणि शेवटाला जाऊन आधीच्या सगळ्या मोठमोठ्या विधानांची हळूच टोपी उडवतं. एवढं लांब वाक्य ग्रुपवर टाकायचं नसेल तर कापा, चालेल, पण कापलं तिथे तीन टिंबं द्या. टिंबं न देता पूर्णविराम ठोकला तर तुम्ही लेखकाचं वाक्य बदललंत.

दुसरी अडचण उलटी. पहिलं वाक्य इतकं छोटं की दुसऱ्याशिवाय त्याला अर्थच येत नाही. काम्यूच्या ‘द आउटसायडर’चा (मूळ फ्रेंच, १९४२) निवेदक सुरुवातीलाच सांगतो की आज आई गेली, आणि लगेच पुढे, किंवा कदाचित काल, मला माहीत नाही. पहिलं वाक्य एकटं वाचलं तर तो दुःखी मुलगा वाटतो. दुसरं जोडलं की अंगावर काटा येतो. अशा वेळी दोन वाक्यं घ्या, कोणी कोर्टात नेत नाही. तीन मात्र नको, तिसऱ्यापासून तो उतारा होतो आणि ऐकणारे भज्यांकडे वळतात.

टप्पा ४ : उतरवून घेणं

वहीत हाताने उतरवा. मला माहितीये की फोटो काढून मजकूर ओढून घेता येतो, मीही करते, पण त्यात ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईत तर वेलांट्याच उडतात. घर धर होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही कारण वाक्य तरीही वाक्यासारखंच दिसतं. बोलून टाइप केलं तर विरामचिन्हं गायब. हाताने लिहिताना मात्र प्रत्येक स्वल्पविरामाशी हात थांबतो, आणि मग कळतं की अरे इथे स्वल्पविराम होता!

जुन्या पुस्तकांचं शुद्धलेखन सुधारू नका. १९६२ च्या लेखननियमांच्या आधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘तें’ असे अनुस्वार दिसतात. ते छापखान्याची चूक नाहीत, तेव्हाचं लेखनच तसं होतं. आहे तसं उतरवा. अडचण ही की फोनचा कीबोर्ड जास्त शहाणा असतो, ‘कांहीं’ टाइप केलं की ‘काही’ करून ठेवतो. ओळीपुरती ही आपोआप दुरुस्ती बंद करा. आम्हा गोंयकारांना ह्या अनुस्वारांचं तसं काही वाटत नाही कारण कोंकणीत ते आजही रोज लिहितो, म्हणून उलटी चूकही होते, नव्या मराठी पुस्तकातली ओळ उतरवताना मी एकदा ‘घरांत’ लिहून मोकळी झाले.

खरीच छपाईची चूक असेल, म्हणजे अक्षर उलटं लागलंय किंवा शब्द दोनदा आलाय, तर नीट करा आणि खाली सांगा की मी एवढं बदललं.

अजून दोन बारक्या गोष्टी. ‘वाऱ्यावर’ मधला ‘ऱ्या’ काही कीबोर्डांवर सरळ ‘र्या’ होतो, म्हणजे ‘वार्यावर’, ते बघा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ओळीच्या दोन्ही टोकांना नक्षी म्हणून चांदणीचं चिन्ह (*) दिलं तर अक्षरं जाड होऊन चांदण्या जातात, साधी अवतरणचिन्हं द्या.

तपासा: उतरवून झालं की पुस्तकाशी उलट्या क्रमाने ताडून बघा, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. सरळ वाचलं की मेंदू चूक स्वतःच भरून काढतो.

ओळीखाली चार गोष्टी लिहा: कादंबरीचं नाव, लेखक, पहिल्यांदा कधी आली ते साल आणि तुमच्या हातातली आवृत्ती. अनुवाद असेल तर पाचवी, अनुवादकाचं नाव. त्यावर पुढे बोलते.

टप्पा ५ : भाषेचा गुंता

गोव्यात हे टाळता येत नाही. आमच्याच सोप्यावर मराठी, कोंकणी, इंग्रजी, हिंदी आणि एका आजोबांची पोर्तुगीज अशी सगळी पुस्तकं येतात.

अनुवादाची ओळ ही अनुवादकाची ओळ असते. काम्यूचंच बघा, फ्रेंचमध्ये शब्द आहे ‘मामाँ’, मूल आईला घरात हाक मारतं तसा. १९४६ चा स्टुअर्ट गिल्बर्टचा इंग्रजी अनुवाद त्याचं ‘मदर’ करतो, १९८८ चा मॅथ्यू वॉर्डचा तो ‘मामाँ’च ठेवतो. एकाच कादंबरीचा तोच माणूस एकात कोरडा वाटतो, दुसऱ्यात लहान मुलासारखा. आणि मराठीत आणाल तेव्हा ‘गेली’ म्हणणार, ‘वारली’ म्हणणार की ‘मेली’ म्हणणार? तिन्हींत मुलगा वेगळा. म्हणून अनुवादकाचं नाव गाळणं हा माझ्या मते ह्या सगळ्यातला सगळ्यात मोठा अन्याय आहे, आणि सगळ्यात जास्त होणारा.

तुम्ही जागच्या जागी स्वतः अनुवाद करून सांगत असाल तर तसं सांगा, “हे माझं मराठी” म्हणून.

कोंकणी कादंबरीची ओळ मात्र गोव्यातल्या मराठी वाचकांसमोर अनुवाद करून वाचू नका. सगळ्यांना कळते. मूळ कोंकणीत वाचा आणि एखादा सासष्टीचा किंवा काणकोणचा शब्द अडला तर तेवढाच फोडून सांगा. रोमी, म्हणजे रोमन, लिपीतलं पुस्तक असेल तर देवनागरीत उतरवताना सांभाळून: रोमीतलं ‘एक्स’ म्हणजे ‘श’, शिगमो एक्सनेच सुरू होतो, आणि शब्दाच्या शेवटचा ‘एम’ बहुतेक वेळा नाकातला अनुस्वार असतो. पेडण्याचं इंग्रजी स्पेलिंग वाचून बाहेरचे लोक ‘पर्नेम’ म्हणतात ना, ओळीचं तसंच होऊन बसतं. शंका असेल तर रोमी वाचणाऱ्याला आधी फोनवर वाचायला लावा.

टप्पा ६ : ओळ आधी, नाव शेवटी

हा टप्पा लोक वाचतात, मान डोलावतात आणि रविवारी विसरतात.

क्रम असा. आधी काहीच बोलू नका, “ही माझी अत्यंत आवडती” नको, “तुम्ही सगळ्यांनी वाचलेलीच असेल” तर मुळीच नको. सरळ ओळ वाचा. थांबा. पुन्हा एकदा वाचा, त्याच वेगाने. मग दहापर्यंत मनात मोजा. ही दहा सेकंदं फार लांब वाटतात, कोणीतरी खोकतं, कोणाचा फोन वाजतो, वाजू दे. मग विचारायचं, पुढे काय होईल असं वाटतं? कोण बोलतंय, बाई की बाप्या, म्हातारं की तरुण? सगळ्यांचं झालं की शेवटी नाव.

“ओळखा कोणाची?” असं विचारू नका. त्याने प्रश्नमंजूषा होते, दोन हुशार लोक ओरडतात आणि बाकीचे दहा जण आपण कमी वाचलंय म्हणून गप्प होतात. आमच्याकडे ह्यावर एक उपाय सापडला, ज्याला ओळ ओळखता आली त्याने तोंड उघडायचं नाही, फक्त आपली बशी उपडी करून ठेवायची. त्याला मिरवायला मिळतं आणि बाकीच्यांची मजा जात नाही. कधी कधी ओळ संपायच्या आत पाच बशा उपड्या पडतात, तेव्हा समजायचं की ही आणायला नको होती, तयारीतली दुसरी काढा.

वाचायच्या पद्धतीबद्दल: आपल्या गावात प्रत्येकाने जत्रेच्या नाटकात एकदा तरी तोंडाला रंग लावलेला असतो, त्यामुळे चार माणसं समोर दिसली की आवाज आपोआप चढतो. चढवू नका. शेजाऱ्याला पत्र वाचून दाखवताना लागतो तो आवाज पुरे. मागच्या जुलैत आमच्याकडे वाचता वाचता लाईट गेली, पाऊस कौलांवर असा की काही ऐकू येईना, आणि आमच्या एका वहिनींनी मोबाईलच्या टॉर्चमध्ये पुस्तक अगदी नाकाशी धरून ओळ वाचली, म्हणजे जवळजवळ पुटपुटल्याच, सगळे पुढे झुकले. त्या ओळीची कादंबरी त्याच आठवड्यात चार जणांनी वाचायला घेतली.

ग्रुपवर टाकताना हाच क्रम दोन मेसेजमध्ये. सकाळी फक्त ओळ. संध्याकाळी त्याच मेसेजला रिप्लाय देऊन नाव आणि बाकीची माहिती. रिप्लाय देऊनच, नाहीतर मध्ये शंभर गुड मॉर्निंग येतात आणि कुठलं नाव कुठल्या ओळीचं ते कळत नाही. दिवसाला एकच ओळ. एका उत्साही मेंबराने एका सकाळी अकरा टाकल्या, एकही कोणी वाचली नाही.

सावध: ओळ सांगितल्यावर शेवट सांगू नका. “आणि शेवटी हाच मरतो” असं बोलून गेलेला एक जण आमच्यात आहे, त्याच्या हातात आता आधी भजी देतात.

टप्पा ७ : हक्क, आणि फोटोचा मोह

ह्यात फार खोल जायची गरज नाही. नावासकट एक-दोन वाक्यं चर्चेसाठी सांगितली तर कोणाची हरकत नसते. अडचण होते ती “बाकीचं पण वाचा” म्हणून पहिल्या प्रकरणाचे फोटो किंवा अख्खी पीडीएफ टाकल्यावर. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखक हयात असेपर्यंत आणि तो गेल्यानंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून, ६० वर्षं हक्क राहतात. जुन्या लेखकाचा नवा अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा चालू असतो, हे लोक विसरतात. वाचायचंच असेल कोणाला तर पुस्तक द्या.

टप्पा ८ : वही

बैठक संपली की उठायच्या आधी एकाने वहीत तारीख, ओळ, कादंबरी, आणणाऱ्याचं नाव एवढं लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात पुस्तक कोण घरी घेऊन गेलं ते. नंतर लिहू म्हटलं की राहतं. आमच्या वहीत एका महिन्याचं पान कोरं आहे आणि त्याच महिन्यातली माझी एक कादंबरी अजून कुठे आहे ते कळलेलं नाही. नेणाऱ्याकडे प्लॅस्टिकची पिशवी आहे का ते बघूनच पुस्तक हातात द्या, निदान सप्टेंबरपर्यंत तरी.